सकाळच्या दुधातले पाणी

वैजयंता लवटे यांच्या दोन म्हशींच्या दुधात सकाळी पाणी निघत असे आणि संध्याकाळी निघत नसे. म्हशी त्याच, किटली तीच, डेअरीही तीच. दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांनी ज्या ज्या सकाळी दूध घातले, त्या प्रत्येक सकाळची नोंद अशीच होती.

या गोष्टीला आता एकवीस वर्षे झाली. मी त्या वेळी तालुका दूध संघात गुणनियंत्रण निरीक्षक होतो. रसायनशास्त्राची पदवी, संघाची मोटारसायकल आणि खिशात वही एवढे माझे भांडवल. कोरटेवाडीच्या डेअरीचे पत्र माझ्या टेबलावर आले ते मंगळवारी. 'सदर सभासद दुधात पाणी मिसळत असल्याने येत्या शनिवारच्या सभेत त्यांचे सभासदत्व रद्द करण्याचे ठरत आहे, तरी संघाचा अहवाल मिळावा.' कोरटेवाडीला दुसरी डेअरी नव्हती. सभासदत्व गेले की त्या बाईंच्या म्हशी विकल्यात जमा होत्या. शिवाय अशा गावात दुधात पाणी घालणारी हे नाव एकदा पडले, की ते लेकीसुनांपर्यंत पुरते.

बुधवारी पहाटे अठरा किलोमीटर गाडी हाणून मी डेअरीवर पोचलो. ग्रामपंचायतीला लागून पत्र्याची एक खोली, समोर किटल्या घेतलेल्या बायाबापड्यांची रांग. दाराच्या आत लाल प्लास्टिकची एकच खुर्ची होती आणि तिच्यावर पन्नाशीच्या एक उंच, सडपातळ बाई ताठ बसल्या होत्या. डोईवर पदर, पायाशी किटली. रांगेतले कोणी त्यांच्याशी बोलत नव्हते.

सचिव हिंदुराव यमगर लगबगीने पुढे आले. "या धामणकर साहेब, या. ह्याच त्या."

"ज्यांच्याबद्दल पत्र आहे, त्या खुर्चीवर? आणि बाकीचे उभे?"

"भवानीची खुर्ची हाय ती."

दुकानदार दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या विक्रीला भवानी म्हणतो आणि ती चांगल्या हातून व्हावी म्हणून टपून असतो, हे मला ठाऊक होते. डेअरीलाही भवानी लागते हे मला तिथे कळले. पाडव्याच्या दिवशी वैजयंताकाकूंनी सहज सर्वांत आधी दूध घातले आणि त्या दिवशी गावाचे संकलन पहिल्यांदाच हजार लिटरच्या वर गेले. तेव्हापासून रोज सकाळचे पहिले दूध त्यांचे. हिंदुरावांनी स्वतः खुर्ची आणून ठेवली होती.

"म्हणजे दुधात पाणी घालतात म्हणून तक्रारही करता, आणि पहिला मानही त्यांनाच देता?"

हिंदुरावांनी मला बाजूला घेतले. "साहेब, नियत वाईट हाय, पण हात चांगला हाय. संकलन अजून खाली आलं न्हाई. शनिवारपातूर हाईत, तवर कशाला मोडायचं?"

पाडव्याला मान मिळाला आणि दुसऱ्याच दिवसापासून पाणी सुरू झाले. हा योगायोग माझ्या लगेच ध्यानात आला आणि त्याचा अर्थही मी लगेच लावून टाकला : मान मिळाला की माणसाला वाटते, आता आपल्यावर कोण संशय घेणार. वहीत मी तसे लिहिलेही.

माप घेणारा मच्छिंद्र चाळिशीचा, कपाळाला बुक्का, बोलायला मोजका. यंत्र बिस्किटाच्या डब्याएवढे, पुढे पोलादाची बारीक नळी. तिच्याखाली पेला धरला की यंत्र दूध ओढून घेई आणि मिनिटाभरात दोन आकडे दाखवी, एक फॅटचा आणि दुसरा एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून दुधात जो काही ऐवज असतो त्याचा. मच्छिंद्रने रात्रभर नळीखाली ठेवलेला पाण्याचा पेला उचलला, यंत्राला उदबत्ती ओवाळली, काकूंच्या किटलीतले दूध ढवळून मापाच्या पेल्यात घेतले आणि नळीखाली धरले.

फॅट सहा. एसएनएफ सात पूर्णांक सहा.

"बघा," हिंदुराव म्हणाले. रांगेत कोणीतरी खाकरले.

काकूंनी आकड्याकडे पाहिलेही नाही. दूध ओतले, रिकामी किटली उचलली आणि माझ्यासमोर क्षणभर थांबल्या. "तुमी संघाचं?"

"हो."

"मग उद्या घरी या. हितं बघून काय कळतंय?"

डेअरीच्या नोंदवहीत त्यांच्या संध्याकाळच्या दुधाची सरासरी सात पूर्णांक एक आणि नऊ होती. मी भागाकार केला. दोन्ही आकडे एकाच प्रमाणात घटले होते, शंभराचे साधारण चौऱ्याऐंशी. पेंड कमी पडली किंवा म्हैस आजारली तर एखादा आकडा घसरतो. दोन्ही हातात हात घालून घसरले तर कारण एकच, पाणी. मी मागच्या शंभर दिवसांचे भागाकार केले. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, चौऱ्याऐंशी. इथे मात्र पेन्सिल थांबली. पाणी घालणारा हात एक दिवस भितो, एक दिवस सैल सुटतो. हा हात रोज मोजून घालत होता.

दूध मोठ्या कॅनमध्ये ओतले जाण्यापूर्वीच काकूंच्या किटलीतून मी माझी बाटली भरून घेतली होती. ती, आणि रांगेतल्या आणखी दोघांच्या बाटल्या, मी संघाच्या प्रयोगशाळेत दिल्या.

गुरुवारी पहाटे मी लवट्यांच्या वस्तीवर होतो. काकूंचे मालक मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरलेले, मुलगा त्यांच्याबरोबर. घरात काकू, सून आणि तिचे तान्हे मूल. घर चालत होते ते या दोन म्हशींवर.

"किटली पालथी करा," मी म्हणालो.

त्यांनी केली. थेंब पडला नाही.

"ही किटली कधी घेतली?"

"पाडव्याला."

मी पेन्सिल काढली. त्या हसल्या. "लिवा, लिवा. पाडव्याला लुगडंबी घेतलं. तेबी लिवायचं काय?"

किटलीला दुहेरी बूड नव्हते, कुठे भेग नव्हती, आणि संध्याकाळचे चांगले दूधही तिच्यातूनच जात होते. तो मुद्दा मी खोडला. त्यांनी कास धुतली, ती कोरड्या फडक्याने पुसायला मी लावली. धार काढून होईपर्यंत मी हातभर अंतरावर उभा होतो. म्हशीने एकदा शेपटीने माझा चष्मा उडवला.

"तिलाबी तुमचा संशय आला," काकू म्हणाल्या.

घरापासून डेअरी दहा मिनिटांची वाट. वाटेत एक हापसा. मी मागून चालत होतो. हापशाजवळ मी त्यांना थांबवले.

"काकू, ओटीत काय आहे?"

त्या वळल्या. आजवर मला अनेकांनी शिव्या घातल्या आहेत, पण त्या नजरेची बरोबरी एकाही शिवीला करता आलेली नाही. हापशावरच्या दोघी बायका कळशी तशीच धरून पाहत राहिल्या. काकूंनी किटली खाली ठेवली, ओटी सोडली, पदर झाडला. तंबाखूची डबी पडली. दुसरे काही नव्हते.

"झालं समाधान?"

"माझं काम आहे हे," मी म्हणालो.

"असू दे. चोर शोधायला आलेल्याला चोरच दिसणार. चला, भवानी खोळंबली आसंल."

डेअरीवर खुर्ची, उदबत्ती, पेला, नळी. फॅट सहा पूर्णांक शून्य एक. एसएनएफ सात पूर्णांक सहा.

गोठ्यापासून खुर्चीपर्यंत त्या दुधावरून माझी नजर हलली नव्हती. परत जाताना मी स्वतःवरच संशय घेऊन पाहिला. चष्मा उचलायला वाकलो तेव्हा? पण तेवढ्या वेळात दहा लिटर दुधात जवळजवळ दोन लिटर पाणी कोण ओतेल?

संघात पोचलो तर बुधवारचे निकाल टेबलावर होते. रांगेतल्या दोघांचे आकडे डेअरीशी तंतोतंत जुळत होते. काकूंच्या दुधाचा निकाल : फॅट सात पूर्णांक एक, एसएनएफ नऊ.

म्हणजे किटलीत दूध होते आणि पेल्यात पाणी होते. यंत्र बिघडलेले म्हणावे तर बाकीच्यांचे आकडे बरोबर कसे? यंत्राला माणूस ओळखता येत नाही. माणसाला येतो. माझा संशय एका दिवसात रांगेच्या या टोकावरून त्या टोकाला गेला. मच्छिंद्रच्या बोटांत, बाहीत, पेल्याच्या तळाशी कुठेतरी चमचाभर पाणी असणार, आणि ते रोज मोजून घालण्याइतका शांतपणा त्या कपाळावर बुक्का लावणाऱ्या माणसात होता.

शुक्रवारी मी त्याला बाजूला सरकवले. पेला माझा, खिशातून आणलेला, कोरडा. दूध मी ढवळले, मी घेतले, मी धरले.

"साहेब, माझ्यावर संशय हाय व्हय?" मच्छिंद्रने विचारले.

"सगळ्यांवर आहे."

"मंग बरं," तो म्हणाला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

फॅट सहा. एसएनएफ सात पूर्णांक सहा.

रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आता तर साहेबानंच पानी घाटलं!" सगळी डेअरी हसली. हिंदुराव हसले नाहीत. "धामणकर साहेब, उद्या दहाला सभा हाय. अहवाल देताय न्हवं?"

"देईन."

"काय देणार?" हे काकूंनी विचारले. खुर्चीवरून न उठता.

 दूध निर्दोष होते, हात निर्दोष होते, यंत्र निर्दोष होते, आणि तिन्ही एकत्र आली की पाणी तयार होत होते. मी मोटारसायकलला किक मारली, पण वेशीपाशी गाडी थांबवली. तीन दिवस मी जिथे चूक होती तिथेच पाहत होतो. जिथे चूक नव्हती तिथे मी एकदाही फिरकलो नव्हतो. संध्याकाळी डेअरीत काय होते, हे मी नोंदवहीत वाचले होते, डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

मी परत फिरलो. दिवसभर ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. साडेपाचला डेअरी उघडली. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती. भवानी दिवसातून एकदाच. लोक येतील तसे लागत होते. पहिला नंबर एका शाळामास्तरांचा आला. मच्छिंद्रने नळीखालचा पाण्याचा पेला उचलला, मास्तरांचे दूध धरले. आकडे आले, ते त्याने लिहिले नाहीत. पेला रिकामा केला, त्याच किटलीतून पुन्हा भरला, पुन्हा नळीखाली धरला आणि दुसऱ्या वेळचे आकडे लिहिले. त्यानंतरच्या प्रत्येकाचे माप त्याने एकदाच घेतले. काकूंची सून नववी की दहावी होती. तिचे आकडे सात पूर्णांक एक आणि नऊ.

मी मच्छिंद्रला काहीच विचारले नाही. विचारले असते तर त्याने सांगितले असते, आणि सांगितलेले खरे मानायची मला सवय नव्हती.

शनिवारी सकाळी सभेसाठी म्हणून रांग नेहमीपेक्षा लांब होती. काकू खुर्चीवर होत्या. सून आणि तिचे मूलही आले होते, निकाल ऐकायला यावे तसे.

मी म्हणालो, "आज वैजयंताकाकू तिसऱ्या नंबरला दूध घालतील."

मच्छिंद्रने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी यंत्राला लाथ मारली. "भवानी मागं सारायची? पाडव्यापास्नं कवा सारली न्हाई."

"एक दिवस."

"साहेब, आज एक दिवस म्हणशीला, आणि उद्या संकलन पडलं म्हंजे? तुमी जाशीला तालुक्याला. गाव मला धरंल."

काकू स्वतःच उठल्या. "मच्छिंद्रा, चोराच्या हातची भवानी एक दिवस नसली तर गाव बुडत न्हाई." आणि किटली घेऊन रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या दोघी थोड्या सरकल्या, त्यांना जागा द्यायला की त्यांच्यापासून दूर व्हायला, ते कळले नाही.

"मग पहिलं कोण?" मी विचारले.

कोणी पुढे होईना. मोडलेल्या भवानीच्या जागी उभे राहायला कोणालाच नको होते. शेवटी हिंदुराव म्हणाले, "मी घालतो. सचिवाच्या दुधाला कुणाच्या बाचं भ्या हाय?" त्यांच्या गड्याने किटली पुढे केली. हिंदुरावांचे सकाळचे दूध वर्षभर सहा पूर्णांक आठ आणि आठ पूर्णांक नऊच्या आसपास असे. मी ते लगेच नोंदवहीत पाहून घेतले.

पेला उचलला. उदबत्ती. नळी.

फॅट पाच पूर्णांक सात. एसएनएफ सात पूर्णांक पाच.

 मग कालचा तो म्हातारा म्हणाला, "हिंदुराव, हापसा तुमच्या दाराम्होरंच हाय न्हवं?"

हसण्याचा असा लोंढा आला की बाहेरची कुत्री भुंकू लागली. हिंदुरावांच्या मानेवरची शीर तटतटली. "यंत्र बिघडलंय! माझ्या आयुष्यात मी... गड्या, काय घाटलंस रं किटलीत?"

"काही नाही घातलं त्याने," मी म्हणालो. "मच्छिंद्र, पुढचा."

दुसऱ्या नंबरच्या बाईंचे माप नेहमीसारखे आले. तिसऱ्या नंबरला काकू. या वेळी त्यांनी आकड्याकडे पाहिले.

फॅट सात पूर्णांक एक. एसएनएफ नऊ.

"आता हिंदुरावांचं पुन्हा घे," मी सांगितले. सहा पूर्णांक आठ, आठ पूर्णांक नऊ.

 मी मच्छिंद्रकडे वळलो. "संध्याकाळी पहिल्याचं माप तू दोनदा घेतोस. का?"

"यंत्र बसवाय आलेल्या मेकॅनिकनं सांगितलं हुतं. पहिलं माप सोडून द्यायचं, दुसरं लिवायचं."

"आणि सकाळी?"

"पाडव्याआधी सकाळीबी तसंच करत हुतो."

"मग पाडव्यानंतर?"

तो गोंधळला. त्याला प्रश्न समजला नव्हता असे नाही. असा प्रश्न असू शकतो हेच त्याला नवे होते. "साहेब, भवानी हाय ती. भवानीचं माप कुणी टाकून देतं व्हय? आन् दोनदा मोजली तर ती भवानी कसली? इस्वास न्हाई म्हणून दोनदा मोजत्यात."

 हिंदुराव भिंतीकडे पाहत होते.

मग त्यांनी पुढे होऊन खुर्ची स्वतःच्या धोतराने पुसली. "काकू, बसा. गैरसमज झाला."

"ऱ्हाऊ द्या, हिंदुराव." काकूंनी रिकामी किटली उचलली. "चार म्हैनं बसले. म्हागं वळून बघावं तर रांगेतलं माणूस तोंड फिरवायचं. उद्यापास्नं माझा नंबर लागंल तिथं मी हुबी ऱ्हाईन."

दारातून जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या. "साहेब, ओटी सोडून दावली मी हापशावर. तेबी अहवालात लिवा."

ते मी लिहिले. सभासदाचे घर, गोठा, किटली आणि अंगावरची ओटी तपासली, कशातही काही आढळले नाही, आणि तपासणीची ही दिशा निरीक्षकाने चुकीची निवडली होती, अशी ती नोंद आहे. त्यानंतर मी नोंदवही पुन्हा उघडली. जानेवारीत काकू चार दिवस लेकीकडे गेल्या होत्या. त्या चार सकाळी पहिले दूध चार वेगवेगळ्या लोकांनी घातले होते, आणि त्या चौघांच्याही नावापुढे त्या दिवसापुरते आकडे घटलेले होते, शंभराचे चौऱ्याऐंशी. बुधवारी ती पाने माझ्यासमोरच होती. मी फक्त एकच नाव वाचत गेलो होतो.

सभेपुढे ठेवलेल्या अहवालाचा शेवटचा परिच्छेद असा :

'दूध निर्भेळ आहे. यंत्राची नळी वाळू नये म्हणून ती रात्रभर पाण्यात ठेवतात. नळीत उरलेले ते पाणी सकाळच्या पहिल्या नमुन्यात मिसळते. हे माप टाकून देऊन दुसरे लिहावयाचे असते. पाडव्यानंतर सकाळचे पहिले माप भवानीचे म्हणून टाकून दिले गेले नाही. पाणी यंत्राचे होते, नाव वैजयंता लवटे यांचे लागले.'